जिवंत घासच हवा: ग्वेईयूच्या मुलुखातले काही दिवस

शनिवार, सुझोउ

शांघायहून सुझोउला वेगवान रेल्वेने अर्धा तास लागतो. छिंगमिंगची सुट्टी लागली होती. पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करून त्यांना नैवेद्य दाखवायचे हे दिवस, त्यामुळे स्टेशनात मुंगी शिरायला जागा नव्हती. बरोबर मामेबहीण होती. ती शांघायला नोकरी करते आणि तिच्या चिनीच्या जोरावरच मी या फिरतीला निघालो होतो.

"दादा, लोक इथं बागा बघायला येतात," ती म्हणाली.

"बघू की. आधी मासळीबाजार."

पेणच्या खारेपाटात आमचं जिताड्याचं तळं आहे. शिकारी मासा पाळणं म्हणजे काय ते थोडंफार कळतं. म्हणून चीनमध्ये यायचं ठरलं तेव्हा यादीत पहिलं नाव ग्वेईयू या इथल्या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाचं घातलं होतं. शास्त्रीय नाव सिनिपर्का चुआत्सी. 1855 मध्ये बासिलेव्स्की या रशियन अभ्यासकाने त्याचं वर्णन शास्त्राच्या दफ्तरी नोंदवलं. चिनी कवींनी त्याच्या कित्येक शतकं आधीच नोंदवलं होतं, पण ते पुढे येईल.

बाजारात काचेच्या टाक्यांची रांग होती. कार्प सारखे वरखाली करत होते. ग्वेईयू मात्र तळाशी, कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून स्थिर. अंग दोन्ही बाजूंनी चपटं, पाठ उंच, डोक्यामागून एकदम कुबड निघाल्यासारखी चढलेली. तोंड मोठं, आणि खालचा जबडा वरच्याच्या पुढे आलेला, त्यामुळे चेहऱ्यावर कायमची नाराजी. रंग हिरवट पिवळा, त्यावर काळपट तपकिरी डाग. डागांना काही शिस्त नाही, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. दोन खुणा मात्र ठरलेल्या. एक तिरपा काळा पट्टा नाकाडापासून डोळ्यातून थेट पाठीच्या पराच्या मुळापर्यंत जातो, आणि दुसरा, रुंद आणि उभा, पाठीच्या काट्यांच्या मधोमध खाली उतरतो. डोळा त्या तिरप्या पट्ट्यात असा बेमालूम मिसळतो की मासा नेमका कुठे बघतोय ते समजत नाही. लपून शिकार करणाऱ्याला आणखी काय हवं? खवले एवढे बारीक की लांबून अंग गुळगुळीतच वाटतं.

विक्रेतीने जाड हातमोजा घातला, मगच टाकीत हात घातला. पाठीच्या परात 12 काटे, खालच्या मागच्या परात 3, पोटाखालच्या दोन्ही परांत एकेक. या काट्यांत विषग्रंथी असतात. टोचला तर जीव जात नाही, पण हात सुजतो आणि ठणका लागतो. मासा साफ करायच्या आधी ती कात्रीने काटे छाटून टाकते. ते काम तिने इतक्या चटकन केलं की मला नीट बघायलाही मिळालं नाही.

रात्री एका जुन्या खानावळीत सुझोउची प्रसिद्ध डिश मागवली. तिला इथे 'खारीसारखा ग्वेईयू' म्हणतात. मधला काटा काढून मांसावर आडव्या-तिरप्या चिरा पाडतात, पिठात घोळवून तळतात. तळताना मांस उलटं फुलतं आणि चिरांचे उंचवटे उभे राहतात. डोकं ताठ, शेपटी वर, आणि समोर आणून वरून गरम आंबटगोड रस ओतला की चरचर आवाज येतो. तो खारीचा आवाज, असं लोक सांगतात. छ्यानलोंग बादशहा वेषांतर करून सुझोउत आला तेव्हा त्याने हा खाल्ला, असंही सांगतात. बादशहांच्या वेषांतराच्या गोष्टी कुठल्या देशात नाहीत! मला ती डिश बघायला आवडली, खायला जरा कमी. एवढ्या गोड रसाखाली मासा कुठला आहे याने फरक पडत नाही. बहिणीचं मत अगदी उलट होतं आणि तिने ताटली पुसून खाल्ली.

रविवार, ताय सरोवर

सुझोउच्या पश्चिमेला ताय सरोवर. क्षेत्रफळ 2,300 चौरस किलोमीटरच्या वर, आणि सरासरी खोली जेमतेम दोन मीटर. एवढं अफाट पाणी आणि एवढं उथळ, हे काठावर उभं राहिल्याशिवाय पटत नाही. आम्ही दोंगशान या द्वीपकल्पावर गेलो. बीलुओछुन चहाची खुडणी चालू होती. चहाची झुडपं इथे फळझाडांच्या सावलीत असतात, उघड्या उतारावर नाही.

पाण्यावर एकही मासेमारी होडी नव्हती. 1 ऑक्टोबर 2020 पासून सरोवरात मासेमारी बंद आहे. काठावर एक सत्तरीचे आजोबा भेटले. जन्म होडीवर गेलेला, आता सरकारी नुकसानभरपाई आणि मुलाचं चहाचं दुकान यावर चालतं. बहिणीने ग्वेईयूचा विषय काढला मात्र, आजोबा उठून उभेच राहिले, कारण जे सांगायचं होतं ते बसून सांगता येण्यासारखं नव्हतं.

ग्वेईयू दिवसा आळशी. तळाच्या मातीत जिथे खळगा असेल तिथे जाऊन चक्क कुशीवर आडवा पडतो. दगडाची कपार, बुडालेलं खोड, पाणवनस्पतींचं जाळं, काहीही चालतं, पण आडोसा हवा. ही सवय ओळखून मासेमारांनी पायाने मासा धरायची रीत काढली. उथळ पाण्यात उतरायचं, पाय घासत हळूहळू पुढे जायचं, खळगा लागला की थांबायचं. तळव्याखाली मासा लागला की दाबून धरायचा आणि वाकून हाताने काढायचा. आजोबांनी ते सगळं कोरड्या जमिनीवर करून दाखवलं. आणि काटे? ते हसले. "पाय कुठे ठेवायचा हे शिकायला एक टोचणी पुरते," असा बहिणीने केलेला अनुवाद.

सूर्य कलला की हाच मासा वेगळा होतो. रात्रीचा शिकारी. पाठलाग करत नाही, दबा धरतो. मंद उजेडात हलणारी आकृती त्याला दिसते, आणि अंगावरच्या पार्श्वरेषेने पाण्यातली थरथर कळते, त्यामुळे गडद अंधारातही घास चुकत नाही. बारीक मासे आणि कोळंबी हे त्याचं खाणं. थंडीत तो खोल पाण्यात जाऊन बसतो, खाणं कमी करतो. वसंतात पाणी ऊबदार झालं की काठाच्या वनस्पतींत येतो. आम्ही उभे होतो तो काळ नेमका हाच.

आजोबांना बंदीबद्दल विचारलं. ते म्हणाले, शेवटच्या वर्षांत जाळ्यात बोटाएवढेच मासे येत होते. एवढं बोलून पुन्हा पायाने मासा धरायच्या गोष्टीकडे वळले.

सोमवार, हूझोउ

सरोवराचा दक्षिण काठ. आठव्या शतकात, थांग राजवटीत, चांग चीहे नावाचा कवी दरबार सोडून या भागात होडीवर राहत असे. त्याच्या एका छोट्या कवितेत पांढरे बगळे आहेत, पीचची फुलं आहेत, वाहतं पाणी आहे आणि पुष्ट झालेला ग्वेईयू आहे. चीनमध्ये शाळकरी पोरालाही ती पाठ असते. आमच्या टॅक्सीवाल्याने सिग्नलला गाडी थांबवून ती म्हणून दाखवली. कवीचा ऋतू निसर्गाशी बरोबर जुळतो. पीच फुलतो त्या सुमाराला हा मासा उथळ पाण्यात येऊन भरपूर खातो आणि मादीच्या पोटात गाबोळी भरू लागते. वीण मात्र नंतर, मे ते जुलैच्या आसपास.

हूझोउजवळच्या दीगांग गावात बांधावर तुती आणि बांधाआड तळी अशी जुनी शेती आहे. तुतीचा पाला रेशीमकिड्याला, किड्याची विष्ठा माशांना, तळ्याचा गाळ पुन्हा तुतीच्या मुळांना. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2017 मध्ये तिला जागतिक कृषी वारशात घेतलं. तळ्यांतले मासे म्हणजे गवत्या, चंदेरा, बिगहेड आणि काळा कार्प. यातले गवत्या आणि चंदेरा 1959 मध्ये भारतात आणले गेले आणि आज आपल्या धरणांत मुरले आहेत. या सगळ्या पाण्यात मला घरच्यासारखं वाटत होतं.

ग्वेईयूची तळी या चक्रात बसत नाहीत, आणि त्याच तळ्यांसाठी मी आलो होतो. गावाबाहेर एका तळेवाल्याकडे बहिणीने आधी फोन करून ठेवला होता. माणूस चाळिशीचा, बोलका, सिगारेट विझू न देणारा. मी जिताडा पाळतो म्हटल्यावर त्याने फोनवर जिताड्याचे फोटो मागून घेतले, बारकाईने पाहिले आणि पहिलाच प्रश्न टाकला, "हा गोळी खातो?"

खातो. जिताड्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, थोड्या दिवसांत कारखान्यातल्या गोळीखाद्याला सरावते. आमच्याकडे अजून तळ्यातल्या तिलापियावरच भागतं, पण गोळीवर जिताडा वाढवणारे ढिगाने आहेत. तळेवाल्याने मान हलवली आणि सिगारेटचा लांब झुरका घेतला. मग त्याने त्याच्या माशाची कहाणी सांगितली. मी ती वहीत उतरवून घेतली, कारण असला नखरा मी दुसऱ्या कुठल्या माशात ऐकलेला नाही.

बहुतेक माशांची पिल्लं पहिल्यांदा खातात ते पाण्यातले सूक्ष्म जीव. पुढे मोठी झाली की काही शिकारी होतात. ग्वेईयू पहिल्या घासापासूनच शिकारी असतो. अंड्यातून निघून काही दिवसांनी तोंड उघडतं तेव्हा हे पिल्लू पाच मिलिमीटरच्या आतबाहेर असतं, आणि त्याला हवं असतं दुसऱ्या माशाचं जिवंत पिल्लू, जवळजवळ स्वतःएवढंच. तो ते शेपटीकडून पकडतो आणि सावकाश आत ओढतो. अर्धं आत, अर्धं बाहेर, असं तरंगत असतो. घास मिळाला नाही तर काही दिवसांत मरतो. समोर नुसतंच भावंड असेल तर भावंड खातो.

यातून बीजोत्पादकाची सगळी कसरत सुरू होते. ग्वेईयूची मादी आणि नर यांना संप्रेरकाचं इंजेक्शन द्यायचं, वाहत्या पाण्याच्या गोल टाकीत सोडायचं. अंड्यात तेलाचा थेंब असतो, पाणी फिरतं राहिलं तर ती तरंगतात, थांबलं तर तळाला बसून गुदमरतात. पंचवीस अंशांच्या आसपास दीड-दोन दिवसांत पिल्लं निघतात. आता त्यांचं तोंड उघडेल त्याच वेळी शेजारच्या टाकीत वुचांग ब्रीम नावाच्या दुसऱ्या माशाची अंडी फुटलेली हवीत. ब्रीमचं ताजं पिल्लू चपटं, मऊ आणि पोहण्यात ढिलं, म्हणून पहिल्या घासाला तेच. ते एक-दोन दिवसांनी मोठं झालं की घशात मावत नाही, मग नवीन तुकडी. ग्वेईयू वाढतो तसा घासाचा आकार वाढवत न्यायचा. एक दिवस मागेपुढे झाला तरी टाकी रिकामी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याने दोन माशांची इंजेक्शनं दोन रंगांत लिहून ठेवली होती. मे महिना नुसता रंगलेला.

मोठ्या तळ्यातही हेच. ग्वेईयूच्या प्रत्येक तळ्याला खाद्यमाशांची जास्तीची तळी जोडलेली. दक्षिणेकडे ग्वांगदोंगमध्ये त्यासाठी मड कार्प वाढवतात. एक किलो ग्वेईयू तयार व्हायला साधारण चार-पाच किलो जिवंत मासे लागतात. त्यात हा मासा स्वच्छ, भरपूर प्राणवायूचं पाणी मागतो, म्हणून पंखे रात्रभर चालू. रोगही त्याच्या वाट्याला. 1990 च्या दशकात ग्वांगदोंगच्या तळ्यांत याच माशात प्लीहा आणि मूत्रपिंड सडवणारा विषाणू सापडला. एवढं सगळं सोसून चीनमध्ये वर्षाला तीन लाख टनांच्या वर ग्वेईयू पिकतो. कारण सोपं आहे. मांस पांढरं, घट्ट, आणि त्यात बारीक काटे नाहीत. कार्पचे काटे काढण्यात आयुष्य गेलेल्या लोकांना याची किंमत वेगळी समजावी लागत नाही.

माझं मत विचाराल तर हा हिशेब मला बसत नाही. चार किलो मासे घालून एक किलो मासा काढायचा, तोही पैसेवाल्याच्या ताटासाठी. तळेवाल्याला मी हे जरा सौम्य करून म्हटलं. बहिणीने अनुवादात ते आणखी सौम्य केलं असावं, कारण तो मोकळेपणी हसला आणि आम्हाला जेवायला थांबवून घेतलं. जेवणात कार्प होता.

मंगळवार, रेल्वेत

हूझोउहून हांगझोउ, तिथून ह्वांगशान. हा मार्ग डिसेंबर 2018 मध्ये सुरू झाला. बोगदे, बोगद्यांच्या मधल्या फटीत पिवळीधमक मोहरी, पुन्हा बोगदे. सुट्टीवरून परतणारी गर्दी. संध्याकाळी ह्वांगशान शहरातलं तुन्शी. झोपलो.

बुधवार, तुन्शी

ह्वांगशान म्हणजे पिवळा डोंगर. त्या प्रसिद्ध डोंगरावर आम्ही गेलो नाही. बहिणीच्या मैत्रिणींना हे अजून खरं वाटत नाही. तुन्शीची जुनी पेठ, पांढऱ्या भिंती, काळी कौलं, आणि कडेला शिनआन नदी. नदीवरचा मिंगकालीन दगडी पूल जुलै 2020 च्या पुरात वाहून गेला होता. निघाले ते दगड गोळा करून तो पुन्हा उभारला आहे.

पेठेत शिरताच वास आला. खारेपाटात वाढलेल्या माणसाला मासळीच्या वासाचं कौतुक नसतं, पण हा ओळखीचा नव्हता. सुकटीचा नाही, खाऱ्या बांगड्याचा नाही. मासा आणि जुनं चीज यांच्या मधलं काहीतरी. हा ह्वेइझोउ भागाचा नासवलेला ग्वेईयू, या डोंगराळ मुलुखाचा मानबिंदू.

गोष्ट अशी सांगतात की इथल्या डोंगरात यांगत्सेचा मासा मिळत नसे. काठावरच्या ग्वेइची, दातोंग अशा बंदरांतून भारवाहे लाकडी बादल्या खांद्यावर घेऊन निघत. वाट सात-आठ दिवसांची. माशांच्या थरांवर हलकं मीठ, आणि मुक्कामाला थांबलं की थर वरखाली करायचे. घरी पोचेपर्यंत वास सुटलेला, पण कल्ले लाल आणि खवले शाबूत. फेकून द्यायला कोण तयार होईल? तळून, सोयाच्या रसात शिजवून खाल्ला, आणि तो ताज्यापेक्षा भारी निघाला.

आता बादल्या दुकानाच्या मागच्या खोलीत असतात. एका बाईंनी झाकण उचलून दाखवलं. मासे एकावर एक, वर नदीतले जड गोटे. ऊबदार दिवसांत आठवडाभरात तयार होतो, थंडीत जास्त वेळ लागतो. मीठ बेताचं. जास्त पडलं तर मासा खारतो पण आंबत नाही, आणि खारवलेल्या माशाला इथे कुणी विचारत नाही. बाई बोटाने मांस दाबून बघतात, परत वर आलं तर ठीक.

दुपारी जेवलो. वरून लाल मिरची, लसणाची पात, बांबूचे कोंब, जाडसर तपकिरी रस. चॉपस्टिक लावली की मांस पाकळ्या-पाकळ्यांनी सुटतं, त्याला इथे लसणाच्या पाकळीचं मांस म्हणतात. वास नाकात राहतो, तोंडात मात्र खोल, गोडसर चव. सुझोउच्या ताटलीत हरवलेला मासा मला इथे सापडला. बहिणीने दोन घास खाल्ले आणि टोफू मागवला.

आंबवायला ग्वेईयूच का, याचं उत्तर त्याच्या अंगातच आहे. मांस घट्ट आणि त्यात चरबी कमी. मऊ, चरबीचा मासा घेतला तर आठवड्यात लगदा होईल.

गुरुवार, छिझोउ

भारवाह्यांची वाट उलट्या दिशेने. 2024 च्या एप्रिलमध्ये छिझोउ ते ह्वांगशान वेगवान रेल्वे सुरू झाली, आणि आठवड्याचा रस्ता तासाभराच्या आत आला. ग्वेइची आता छिझोउ शहराचाच एक भाग आहे.

यांगत्से इथे रुंद आणि गढूळ. मालवाहू बोटींची रांग तुटत नाही. मासेमारी होडी मात्र इथेही नाही. 1 जानेवारी 2021 पासून नदीच्या मुख्य प्रवाहात दहा वर्षांची बंदी आहे. दोन लाखांहून अधिक मासेमारांनी होड्या सोडल्या. नदीतला रानटी मासा विकणं गुन्हा, आणि हॉटेलच्या फलकावर 'नदीतला मासा' असं लिहायचीही चोरी. काल ज्या परंपरेची थोरवी ऐकली तिचा प्रत्येक मासा आज तळ्यातून येतो, आणि बादल्यांची दुकानं तरीही चालू आहेत. म्हणजे मासेमारी थांबवली की खाद्यसंस्कृती बुडते, ही आपल्याकडेही ऐकू येणारी ओरड निदान या माशाच्या बाबतीत खरी ठरलेली नाही. होडीवरच्या माणसाचं काय झालं हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर प्रत्येक घरात वेगळं मिळेल.

नदीला याचा उपयोग होतोय का? बिनपंखी शिंशुमार, म्हणजे इथली छोटी डॉल्फिनसारखी जात, 2017 च्या मोजणीत 1,012 होती, 2022 मध्ये 1,249. आम्हाला एकही दिसली नाही.

शुक्रवार, वुहान

पूर्व सरोवराच्या काठी चिनी विज्ञान अकादमीची जलजीवशास्त्र संस्था आहे. तिच्या संग्रहालयासाठी आधी नाव नोंदवून ठेवलं होतं. इथे छीछी आहे, यांगत्सेची पांढरी डॉल्फिन. 1980 मध्ये सापडला, 22 वर्षं संस्थेच्या टाकीत जगला, 2002 मध्ये मेला. 2006 मध्ये शास्त्रज्ञांनी नदी पालथी घातली तेव्हा त्याच्या जातीचा एकही जीव मिळाला नाही.

बाटल्यांतले मासे पाहताना ग्वेईयूचं गोत्र ध्यानात येतं. त्याचा मोठ्या डोळ्यांचा भाऊ सिनिपर्का क्नेरी, बिबट्यासारख्या ठिपक्यांचा शेर्झेरी. हा शेर्झेरी कोरियाच्या नद्यांतही असतो, आणि हान नदीतलं त्याचं सोनेरी रूप 1967 पासून तिथे नैसर्गिक स्मारक म्हणून राखलेलं आहे. खुद्द ग्वेईयू उत्तरेला आमूर नदीपर्यंत जातो आणि रशियात तो संकटग्रस्त जातींच्या लाल यादीत आहे. याला पर्च म्हणायची रीत पडली खरी, पण कुटुंब वेगळं. जवळचे नातलग उत्तर अमेरिकेतले सनफिश आणि ब्लॅक बास. म्हणजे माझा जिताडा याचा लांबचाही चुलतभाऊ लागत नाही. दोघांची तोंडं सारखी, एवढंच.

वुहानमध्येच, ह्वाझोंग कृषी विद्यापीठात, या माशाच्या हट्टावर वर्षानुवर्षं काम चाललंय. 2014 मध्ये तिथला 'ह्वाकांग 1' हा निवडून काढलेला, लवकर वाढणारा वाण मान्य झाला. मादी नरापेक्षा भरभर वाढते म्हणून नुसत्या माद्यांची पैदास करायचेही प्रयोग झाले. आणि गोळी? मासा मेलेलं खात नाही याचं कारण चव नव्हे, हालचाल. समोर लांबट काहीतरी हललं तरच तो घास. म्हणून मंद उजेडात, जिवंत मासे हळूहळू कमी करत, मग मेलेले मासे, मग तुकडे, मग गोळी अशा पायऱ्यांनी त्याला फसवत आणायचं. काही मासे लवकर शिकतात, काही उपाशी राहतात पण शिकत नाहीत. शिकणाऱ्यांचीच पुढे वीण करायची.

संध्याकाळी हे सगळं बहिणीने हूझोउच्या तळेवाल्याला लिहून कळवलं. त्याचं उत्तर आम्ही जेवायला बसायच्या आत आलं. त्यानेही मागच्या वर्षी एका तळ्यात गोळीचा प्रयोग केला होता, निम्मे मासे शिकले. उरलेल्या निम्म्यांनी शिकलेल्यांना खाल्लं. आणि खाली त्याने विचारलं होतं, जिताड्याची बोटुकली भारतातून कशी आणता येईल?